अकराव्या पानावरचं वाक्य

पत्र असं आहे :

"आमचा सतरा शेतकऱ्यांचा गट आहे. चार वर्षांपासून आम्ही मक्यात चवळीचं आंतरपीक घेतो आणि पीक निघाल्यावर ताटं-धसकटं न जाळता रानातच पसरतो. माती बदलल्याचं हाताला कळतं. शाश्वत शेतीच्या प्रयोगांना अनुदान मिळतं म्हणून दोन वेळा प्रस्ताव पाठवला. पहिल्या वेळी नुसता नकार आला. दुसऱ्या वेळी एक ओळ लिहून आली : 'उद्दिष्टे फार व्यापक, मोजमापाची पद्धत अस्पष्ट.' आता एक सल्लागार म्हणतात, मी प्रस्ताव लिहून देतो, मंजूर झाला तर रकमेच्या दहा टक्के द्या. द्यावेत का? आणि खरं सांगा, आम्ही शेतकरी. संशोधनाचा पैसा आम्हाला कुणी देईल का? दुसरा प्रस्ताव सोबत जोडला आहे. – गटाची सचिव"

ताई,

तुमचा प्रस्ताव मी दोनदा वाचला. पहिल्यांदा अर्ज तपासणारा वाचतो तसा, घड्याळाकडे बघत. दुसऱ्यांदा चहा घेऊन, सावकाश. पहिल्या वाचनात मीही तो नाकारला असता. दुसऱ्या वाचनात अकराव्या पानावर थांबलो. तिथे, 'इतर निरीक्षणे' या मथळ्याखाली, तुम्ही लिहिलंय : "मोठ्या पावसानंतर आमच्या रानात संध्याकाळपर्यंत पाणी जिरतं. बांधापलीकडच्या रानात दोन-दोन दिवस साचून राहतं."

तुमचा प्रकल्प म्हणजे हे वाक्य. बाकीची अठ्ठावीस पानं त्याच्या आड आली आहेत.

पहिल्या पानावर काय आहे ते बघा. जमिनीचं आरोग्य सुधारणं, हवामान बदलाशी मुकाबला, शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढवणं, जैवविविधता जपणं, महिलांचं सक्षमीकरण. यातलं एकही वाईट नाही, आणि तुमच्या मनात ते सगळं खरोखर आहे हे मला दिसतं. पण मी काही वर्षं अशा अर्जांच्या छाननीला बसलोय, आणि जवळजवळ प्रत्येक अर्जाचं पहिलं पान हेच असतं. चाळीस अर्जांत चाळीस वेळा 'जमिनीचं आरोग्य' वाचल्यावर तपासणाऱ्याचं बोट आपोआप पुढच्या पानावर जातं. तो शोधत असतो एक प्रश्न, ज्याचं उत्तर आज कुणाकडे नाही आणि दोन-तीन हंगामांत मिळू शकेल. तो प्रश्न तुमच्याकडे आहे. तुम्ही त्याला 'इतर' म्हणून मागे बसवलंत.

आता त्या वाक्याचा प्रश्न करू. बांधापलीकडच्या रानाशी तुलना हा पुरावा म्हणून चालणार नाही, हे आधी सांगतो, म्हणजे तपासणाऱ्याने सांगायची वेळ येणार नाही. ते रान सखल असेल. तिथे ट्रॅक्टर ओल्यात फिरला असेल. तिथली माती मुळातच चिकण असेल. इंग्लंडमध्ये रॉदमस्टेड या शेती संशोधन संस्थेत 1843 पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे, जगातला सर्वांत जुना चालू शेतीप्रयोग म्हणून तो ओळखला जातो. त्याच संस्थेत 1919 साली रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ आले तेव्हा त्यांच्यासमोर हीच अडचण होती. शेजारी-शेजारी असलेल्या दोन तुकड्यांना अगदी सारखं वागवलं तरी उत्पन्न वेगळं येतं, मग खताचा फरक कुठला आणि जमिनीचा कुठला? त्यांनी काढलेला मार्ग आजही तोच आहे : तुलना एकदाच करू नका, अनेकदा करा, आणि कुठल्या तुकड्याला काय द्यायचं हे स्वतः ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपण ठरवलं की चांगला तुकडा नकळत आपल्या लाडक्या पद्धतीला जातो. कुणी मुद्दाम करत नाही, हात आपोआप तिकडे वळतो.

म्हणून एकाच वावरात लांब पट्टे आखा. एका जोडीत दोन पट्टे, एक आच्छादनाचा, म्हणजे ताटं-धसकटं पसरलेला, एक बिनआच्छादनाचा. कुठला कोणता, ते नाणं उडवून. मुख्य वावरात अशा सहा जोड्या घ्या. चवळी मात्र दोन्ही पट्ट्यांत ठेवा. तुमच्या प्रस्तावात आंतरपीक आणि आच्छादन एकत्र आहे, मग फरक दिसला तर श्रेय कुणाचं हे कुणालाच सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

इथे एक अडचण येईल, तिचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. तुमच्या सगळ्यांच्या रानात चार वर्षं आच्छादन झालंय. तिथे आता अर्ध्या पट्ट्यांतलं आच्छादन काढलं, तर तुम्ही मोजाल तो फायदा किती लवकर जातो. तोही चांगला प्रश्न आहे, पण वेगळा. फायदा किती लवकर येतो हे बघायचं, तर आजवर आच्छादन न केलेलं रान हवं. गटातल्या लोकांकडे असे तुकडे नक्की असतील, नाहीतर शेजाऱ्यांना विचारा. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा प्रश्न घेतला असता, कारण नव्याने सुरू करणारा शेतकरी पहिल्या दिवशी हेच विचारतो : किती हंगामांनी दिसेल? आणि ज्याचं उत्तर लोकांना हवंय त्याला पैसे देणं निधी देणाऱ्यालाही सोपं जातं.

मग प्रश्न असा लिहा : "मका-चवळीच्या रानात आच्छादन सुरू केल्यावर पहिल्या दोन हंगामांत पाणी जिरण्याचा वेग बदलतो का, आणि किती?" बस्स. पहिल्या पानाची पहिली ओळ ही.

मोजायचं कसं, तेही तुमच्या हातात आहे. साधारण 15 सेंटिमीटर व्यासाची लोखंडी रिंग घ्या, दोन्ही बाजूंनी उघडी. वर लाकडाची फळी ठेवून हातोडीने ती सरळ खाली ठोका, अर्धी जमिनीत जाईपर्यंत. आत प्लास्टिकचा पातळ कागद अंथरा आणि त्यावर जवळपास 440 मिलिलिटर पाणी ओता, म्हणजे रिंगेत 25 मिलिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. मग कागद हलकेच ओढून काढा आणि घड्याळ चालू करा. पाणी दिसेनासं होऊन माती नुसती चमकायला लागली की वेळ लिहा. त्याच जागी पुन्हा तेवढंच पाणी ओता आणि दुसरी वेळ लिहा. हिशेबात दुसरी वेळ धरा, कारण पहिल्या वेळी माती किती कोरडी होती यावरच सगळं अवलंबून असतं. कागद विसरू नका. पाणी थेट ओतलं तर वरची ढेकळं फुटतात, छिद्रं बुजतात, आणि तुम्ही रानाऐवजी स्वतःच्या हाताचा धक्का मोजता.

हे एवढं बारीक मी मुद्दाम सांगतोय. तुमच्या प्रस्तावात 'योग्य शास्त्रीय पद्धतीने मोजमाप केले जाईल' असं वाक्य आहे. त्याजागी वरचा परिच्छेद तुमच्या शब्दांत लिहिलात, तर 'पद्धत अस्पष्ट' असं कुणी लिहू शकणार नाही.

आता एक वचन प्रस्तावातून काढून टाका, हे मी जरा जोर देऊन सांगतो. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, 0.5 टक्क्यावरून 1 टक्क्यावर नेऊ. हिशेब करून बघू. एका हेक्टरातली वरची 15 सेंटिमीटर माती साधारण 1950 टन भरते. तिच्यात अर्धा टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे पावणेदहा टन निव्वळ कर्ब हवा. वाळलेल्या काडीकचऱ्यात कर्ब 45 टक्क्यांच्या आसपास असतो, पण तो कुजताना त्यातला बहुतेक हवेत जातो. पाचवा हिस्सा मातीत टिकला असं उदारपणे धरलं, तरी तीन वर्षांत हेक्टरी शंभर टनांहून जास्त वाळकी ताटं लागतील. मक्याचं चांगलं पीकही वर्षाला दहा टनांच्या आसपासच ताटं देतं. तपासणाऱ्यांत एक जरी मातीचा माणूस असेल, तर या ओळीवर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो आणि बाकीचं सगळं खरं असूनही तो परत बसत नाही. कर्ब मोजा जरूर, सुरुवातीला आणि शेवटी, पण वचन देऊ नका. आणि दोन्ही वेळा एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने तपासा. 1934 साली वॉकली आणि ब्लॅक यांनी दिलेली रसायनाची पद्धत अजून सर्रास वापरतात, आणि तिच्यात सगळा कर्ब पकडला जात नाही. नमुना जाळून मोजणाऱ्या यंत्रात जवळजवळ सगळा येतो. पहिल्या वर्षी एक आणि शेवटी दुसरी पद्धत वापरली, तर माती जराही न बदलता कर्ब वाढलेला दिसेल.

वचनांबद्दल अजून एक. 'उत्पन्न वाढणारच' असंही लिहू नका. स्वित्झर्लंडमध्ये 1978 पासून सेंद्रिय आणि रूढ शेतीची तुलना करणारा एक प्रयोग चालू आहे, 'डॉक' नावाने ओळखला जातो. त्याचे 21 वर्षांचे निष्कर्ष 2002 साली छापून आले. त्यात सरळ लिहिलं होतं की सेंद्रिय पद्धतींत उत्पादन 20 टक्के कमी आलं. त्याच वाक्यात हेही होतं, की खतं आणि ऊर्जेचा वापर 34 ते 53 टक्क्यांनी आणि कीटकनाशकांचा 97 टक्क्यांनी कमी झाला. उत्पादन घटल्याचं लपवलं असतं तर पुढच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. तुमच्या प्रस्तावात एक छोटा परिच्छेद असा घाला : फरक दिसला नाही तर आम्ही काय करू, तो निकाल कुणाला सांगू. हा परिच्छेद फार कमी लोक लिहितात आणि मला तो वाचायला फार आवडतो.

तुमचा दुसरा प्रश्न, "आम्ही शेतकरी, आम्हाला कोण देईल?" याने मला वाईट वाटलं, कारण असं वाटायला लावणारी माणसं मीही पाहिली आहेत. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी 1985 साली 'प्रॅक्टिकल फार्मर्स ऑफ आयोवा' ही संस्था काढली. मी वर सांगितले तसे लांब पट्टे, आपल्या अवजाराच्या रुंदीचे, स्वतःच्या रानात आखून त्यांनी प्रयोग केले. संस्थापकांपैकी एक, डिक थॉम्सन, स्वतः शेती करणारे होते आणि विद्यापीठातली माणसं त्यांचे पट्टे बघायला येत. अमेरिकेतल्या शाश्वत शेती संशोधन आणि शिक्षणाच्या कार्यक्रमात, ज्याला 'सेर' म्हणतात आणि जो 1988 पासून चालू आहे, शेतकऱ्याने स्वतः मुख्य अर्जदार व्हावं असा वेगळा अनुदान प्रकारच आहे. त्यांचे जुने अहवाल सगळ्यांना वाचायला खुले आहेत. पाच-सहा वाचा, फसलेले प्रयोगही वाचा. प्रस्ताव कसा लिहावा हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या कार्यशाळेत कळत नाही. तुम्ही ज्यांच्याकडे अर्ज करणार आहात त्यांच्या सूचनापत्रात 'शेतकरी गट', 'उत्पादक संघ', 'सहभागी संशोधन' असे शब्द आहेत का ते बघा. नसतील तर एखाद्या कृषी महाविद्यालयातल्या मातीच्या किंवा संख्याशास्त्राच्या माणसाला सहअर्जदार घ्या, पण प्रश्न तुमचाच राहू द्या.

सतरा जणांचं काय करायचं, याचीही एक चांगली रीत आहे. 1990 च्या दशकात आफ्रिकेतल्या मलावीत सीग्लिंड स्नॅप या शास्त्रज्ञ बाईंनी 'मदर-बेबी' नावाची मांडणी रुजवली. मधे एक 'आई' वावर, जिथे सगळ्या जोड्या नीट आखून मोजायच्या. भोवती शेतकऱ्यांची 'लेकरं', प्रत्येकाच्या रानात फक्त एक जोडी, त्यांच्या सोयीने सांभाळलेली. आईकडून काटेकोरपणा मिळतो, लेकरांकडून वेगवेगळ्या माती आणि वेगवेगळ्या माणसांच्या हाती काय होतं ते. तुमच्या गटाला हे अगदी मापाने शिवल्यासारखं बसतं : एका शेतकऱ्याकडे आई, बाकी सोळांकडे लेकरं.

आणि हे लिहिलंत की अंदाजपत्रक आपोआप उभं राहतं. सोळा शेतं, प्रत्येकी दोन पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन ठिकाणी रिंग : एका फेरीला 96 मोजण्या. हंगामात तीन फेऱ्या केल्या तर 288. एका मोजणीला जाण्या-येण्यासकट अर्धा तास धरला तर 144 तास, म्हणजे आठ तासांचे अठरा दिवस. आईच्या वावराचे वेगळे. तुमच्या आताच्या अंदाजपत्रकात 'क्षेत्रीय खर्च' असा एक ठोक आकडा आहे. त्याजागी हे अठरा दिवस लिहा, कोण करणार ते लिहा, आणि त्या माणसाची मजुरी लिहा. शेतकऱ्यांचा वेळ फुकट धरू नका. ताई, तुम्ही स्वतःच्या नावापुढे शून्य लिहिलंय. वही कोण सांभाळणार? बैठका कोण बोलावणार? ज्या कामाला पैसे नाहीत ते हंगामाच्या गर्दीत सगळ्यांत आधी मागे पडतं, आणि मग अहवालाच्या वेळी आकडे नसतात. गटाने स्वतःचा काही वाटा घालावा अशी अट असेल, तर अवजारं, जमीन, वेळ यांचं मोल वाट्यात धरता येतं का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी येतं, फक्त त्याच्याही नोंदी ठेवाव्या लागतात.

पैसा कधी येणार, हे रकमेइतकंच महत्त्वाचं आहे. काही अनुदानं आधी खर्च करा, पावत्या द्या, मग भरपाई घ्या अशी असतात. काही हप्त्यांनी येतात. माझ्या पहिल्याच प्रकल्पात दुसरा हप्ता पेरणी उलटून गेल्यावर आला. आम्ही तोवर उसनवारी करून अर्धेच पट्टे पेरले होते आणि दोन वर्षांच्या तुलनेतलं एक वर्ष लंगडं राहिलं. चूक देणाऱ्यांची होती, पण पेरणीची तारीख प्रस्तावात ठळक लिहिली नव्हती, ही माझीही होती. तुम्ही लिहा : अमुक महिन्यात पेरणी, त्याआधी इतके पैसे हातात हवेत. हातात नसतील तर पहिला हंगाम कशावर काढणार, हे गटाच्या बैठकीत आधी ठरवा.

आता सल्लागार. नको. टक्केवारीवर तर अजिबात नको. अनुदान मिळवून देण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्याच संघटना, अमेरिकेतल्या ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन आणि असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स, आपल्या आचारसंहितेत मंजूर रकमेच्या टक्केवारीवर मोबदला घेणं निषिद्ध मानतात. कारण उघड आहे. रक्कम जितकी फुगेल तितका त्याचा फायदा, आणि फुगलेलं काम करायचं तुम्ही. शिवाय ते दहा टक्के अंदाजपत्रकात कुठल्या खात्यावर दाखवाल? मंजुरीआधी झालेला प्रस्ताव लिहिण्याचा खर्च अनुदानातून काढू देणारे विरळाच. मग तो दुसऱ्याच नावाखाली घालावा लागतो, आणि तिथून पुढे तुमची प्रत्येक पावती संशयास्पद होते. मदत हवीच असेल तर ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे द्या, मंजूर होवो न होवो. एखाद्या जाणत्या माणसाकडून अंदाजपत्रक तपासून घ्या, एखाद्याकडून मोजणीची मांडणी. लिहायचं तुम्हीच. अकराव्या पानावरचं ते वाक्य कुठल्या सल्लागाराला सुचलं नसतं, त्यासाठी पावसानंतर बांधावर उभं राहावं लागतं.

तिसऱ्यांदा पाठवण्याआधी एक फोन करा. निधी देणाऱ्या बहुतेक ठिकाणी कार्यक्रम बघणारी एक व्यक्ती असते आणि प्रश्न विचारणं हा अर्जदाराचा हक्क असतो. आधी दोन पानांचं टिपण पाठवा : प्रश्न, मांडणी, मोजणी, कोण, किती दिवस. मग विचारा, हे तुमच्या कक्षेत बसतं का? बसत नसेल तर दोन महिन्यांची मेहनत वाचली. बसत असेल तर गुणांकनाचा तक्ता मागून घ्या आणि प्रस्तावातले मथळे त्याच क्रमाने लावा, म्हणजे तपासणाऱ्याला शोधावं लागणार नाही. मागच्या नकाराची ओळही लपवू नका. "गेल्या वेळी उद्दिष्टे व्यापक असल्याचा अभिप्राय होता, म्हणून आम्ही एकच प्रश्न घेतला आहे," एवढं लिहिलं की पुरे. असं लिहिणारा गट ऐकून घेणारा आहे हे कळतं, आणि पैसे देताना ते बघितलं जातं.

मंजुरीची वाट मात्र बघू नका. रिंग लोहाराकडून करून घ्या. या वर्षी, पेरणीआधी, रानात वाफसा असताना, ज्या पाच-सहा शेतांत आजवर आच्छादन नाही तिथे पहिली मोजणी घ्या आणि ती प्रस्तावात तक्त्यात द्या. सुरुवातीचे आकडे हातात असलेला अर्ज ढिगात लगेच वेगळा दिसतो. मातीचे नमुनेही त्याच दिवशी घ्या, प्रत्येक पट्ट्यात नागमोडी चालत दहा-बारा जागांची माती एका घमेल्यात कालवून, त्यातली मूठ-दोन मूठ पिशवीत. सावलीत वाळवा. पिशवीत शेताचं नाव, पट्ट्याचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका, आणि ती पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते, आणि चिठ्ठी वाचता आली नाही की तो नमुना फेकून द्यावा लागतो.